परभणीची ‘परमणी’ होऊ नये म्हणून

मागच्या उन्हाळ्यात वसमत रोडला एका क्रिकेट स्पर्धेचा फ्लेक्स लागला होता. लाल जमिनीवर पिवळी, गुबगुबीत, उजवीकडे झुकलेली अक्षरं आणि त्यांच्याखाली काळी सावली. लांबून झकास दिसत होता. जवळ गेलो तर लिहिलं होतं ‘परमणी चषक’. टायपिंगची चूक असेल म्हणून आयोजक पोरांना विचारलं. त्यांनी मोबाईलवर पाठवलेला मूळ मजकूर दाखवला, त्यात ‘भ’ शाबूत होता. मग गेला कुठे? अक्षर आणखी जाड दिसावं म्हणून डिझाइन करणाऱ्याने त्याला त्याच पिवळ्या रंगाची बॉर्डर मारली होती. ‘भ’च्या डोक्यावर शिरोरेषेत जी बारीकशी फट असते, ती त्या बॉर्डरने बुजली. फट बुजली की ‘भ’चा ‘म’ होतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणून आपली टिंगल करणारे आधीच कमी नाहीत, त्यांच्या हाती ‘परमणी’ आणखी कशाला द्यायची?

जाड, तिरकं आणि गोल टोकांचं अक्षर आज सगळ्यांनाच हवं असतं. रसवंतीवाल्याला हवं, कबड्डीच्या जर्सीला हवं, टेम्पोच्या काचेला हवं, गणेश मंडळालाही हवं. त्यात वाईट काही नाही. ठसकेबाज अक्षर आहे. पण ते वापरायची एक रीत आहे, आणि देवनागरीत ती इंग्रजीपेक्षा वेगळी आहे. पाटी करायला टाकणाऱ्यांनी आणि संगणकावर बसून ती करणाऱ्यांनीही ती माहीत करून घेतली, तर पैसे आणि अब्रू दोन्ही वाचतील.

आधी हे तीन गुण वेगवेगळे ओळखू. इंग्रजीत याला बोल्ड, इटॅलिक, राउंडेड सॅन्स असं लांबलचक नाव आहे. बोल्ड म्हणजे आपल्या जुन्या छापखान्यातला जाड ठसा. तो मराठीला नवा नाही. गोल टोकही नवं नाही. बोरूने लिहिलेलं अक्षर जाड-बारीक होतं, कारण बोरूची जीभ तिरकी कापलेली असते. पण धूळपाटीवर बोटाने काढलेलं अक्षर सगळीकडे सारख्याच जाडीचं येतं आणि त्याची टोकं बोटासारखीच गोल येतात. खडूचं, स्केचपेनचं, गोल ब्रशचंही तसंच.

परका आहे तो तिरकेपणा. युरोपात इ. स. १५०१ च्या सुमारास व्हेनिसच्या आल्दुस मानुत्सियुस या मुद्रकाने घाईच्या हस्ताक्षरावरून तिरका टाइप पाडून घेतला आणि तो तिथे रुजला. आपल्याकडे घाईचं लिखाण मोडी लिपीत गेलं. बाळबोध अक्षर पोथ्यापुराणांसाठी ताठच राहिलं. पोथीत एखादा शब्द उठून दिसावा असं वाटलं तर लेखक तो लाल शाईने लिहीत, तिरका करत नसत. म्हणून आजही पुस्तकात किंवा अर्जात मजकुरावर जोर द्यायला तिरकं अक्षर वापरलं तर मराठी वाचकाला त्याचा अर्थ लागत नाही, त्याला कागद हलल्यासारखा वाटतो. तिथे जाड ठसा किंवा अवतरणचिन्ह वापरा. तिरकं अक्षर पाटीवर, चालत्या नजरेसाठी, एकदोन शब्दांपुरतं ठेवा.

गोल टोकांच्या जाड अक्षराला कारखान्यांनी कसं जवळ केलं, याचं एक उदाहरण आपल्या म्हणीशी जुळतं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण छाती फुगवून म्हणतो. त्या जर्मनीत १९७९ साली फोक्सवॅगन आणि ऑडी यांच्या विक्रेत्यांचं जाळं ‘व्ही. ए. जी.’ या नावाखाली एकत्र झालं, तेव्हा सगळ्या पाट्या-जाहिरातींसाठी गोल टोकांचा एक ठसा खास करून घेतला गेला. व्हॅग राउंडेड हे त्याचं नाव. पुढे ॲपलच्या कीबोर्डावरची अक्षरंही बरीच वर्षं त्याच ठशात होती. यंत्रासारखी करडी वस्तू विकणाऱ्यांना थोडं मऊ, आपुलकीचं दिसायचं होतं, ते या अक्षराने साधलं.

मराठीत या जातीचं तयार अक्षर हवं असेल तर ‘बालू’ पाहा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ते केलं आहे. नाव अस्वलाचं आणि अंगकाठीही तशीच. त्याची नवी आवृत्ती ‘बालू २’ पाच जाडींत मिळते. गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे आणि धंद्याच्या कामाला वापरायलाही मोकळं आहे. आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने त्यात आणखी एक सोय आहे. याच कुटुंबात उर्दूसाठी ‘बालू भाईजान’ नावाचं अक्षर आहे, त्यामुळे मराठी आणि उर्दू अशी जोडपाटी एकाच अंगाची दिसू शकते. याच गटाचं ‘मोदक’ अस्सल लठ्ठ आहे, इतकं की त्यात पांढरी जागा म्हणजे नुसत्या रेघा उरतात. एका शब्दाला ते बहार आणतं, दुसऱ्या ओळीला घुसमट.

बालूमध्ये तिरकी शैली नाही. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ मुळातच तिरका आणि गोल टोकाचा आहे, पण ते बॉलपेनने लिहिल्यासारखं हस्ताक्षर आहे. त्याची जाड शैलीही पाटीला जरा अशक्तच पडते. म्हणजे जाड, गोल आणि तिरकं हे तिन्ही एकत्र हवं असेल तर तिसरा गुण आपल्याला हाताने आणावा लागतो. खरी गडबड इथूनच सुरू होते.

बहुतेक जण इटॅलिकचं बटण दाबतात किंवा कोरलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षर धरून ओढतात. यात संगणक अक्षराला फक्त आडवं ढकलतो. पायथा जागेवर राहतो आणि डोकं सरकतं. पत्त्यांचा कॅट हाताने तिरका केल्यासारखं. यात तीन गोष्टी बिघडतात.

पहिली टोकं. गोलाला आडवं ढकललं की त्याचा तिरका अंडाकार होतो. एक बाजू चेपते, दुसरी टोकदार होते. ज्या गोलाईसाठी हे अक्षर घेतलं तिचीच वाट लागते. लहान अक्षरात हे कळत नाही, दहा फुटी बोर्डावर मात्र टोकं झिजलेल्या चपलेसारखी दिसतात.

दुसरी रेघांची जाडी. उजवीकडे ढकलताना जी रेघ आधीच उजवीकडे कललेली असते ती ताणली जाऊन बारीक होते, आणि जी वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरते ती आखडून जाड होते. दहा अंशाच्या कलाला हा फरक दोन्हीकडे सुमारे नऊ टक्क्यांचा पडतो. आता ‘ब’ आणि ‘ष’ डोळ्यांसमोर आणा. त्यांच्या पोटातली आडवी-तिरकी रेघ नेमकी डावीकडून उजवीकडे उतरते. आधीच जाड अक्षर, त्यात ती रेघ आणखी फुगते, आणि ‘ब’चं पोट काळं होतं. ‘कबड्डी’तला ‘ब’ लांबून नुसता गोळा दिसतो तो याच कारणाने.

तिसरी गोष्ट शिरोरेषा. इंग्रजीत उभे दांडे तिरके झाले की सगळं अक्षर तिरकं झालं. देवनागरीत डोक्यावरून आडवी शिरोरेषा जाते, ती कलत नाही. त्यामुळे अक्षर जास्त कलवलं तर घराचे खांब पडायला आलेत आणि आढं तेवढं जागेवर आहे, असं चित्र दिसतं. म्हणून देवनागरीत कल कमी ठेवा. आठ अंश पुरे, दहा ही माझी मर्यादा. पेंटरच्या भाषेत सांगायचं तर दहा सेंटिमीटर उंचीच्या दांड्याचं डोकं आठ अंशाला सुमारे १.४ सेंटिमीटर आणि दहा अंशाला सुमारे १.८ सेंटिमीटर उजवीकडे जातं. संगणकाचं बटण बऱ्याचदा याहून जास्त कलवतं, म्हणून ते बटण विसरूनच जा.

मग करायचं काय? जुने पेंटर जे करत तेच. पेंटर आधी खडूने अक्षराचा सांगाडा काढतो, एकेरी रेघेत आणि त्याच कलात. मग त्या रेघेवरून गोल ब्रश फिरवतो. ब्रश सरळच असतो, म्हणून टोकं गोलच येतात आणि जाडी सगळीकडे सारखी राहते. कल सांगाड्याला दिलेला असतो, जाडीला नाही. संगणकावरही हाच क्रम ठेवा. हवा तो शब्द कागदावर जाड स्केचपेनने लिहा किंवा बालूत टाइप करून फिक्या रंगात खाली ठेवा. त्यावर पेन टूलने मधोमध एकेरी रेघ काढा. ती रेघ आठ अंश कलवा. नंतर तिला जाडी द्या, टोकं आणि कोपरे दोन्ही गोल निवडा. रेघेची जाडी वस्तूबरोबर बदलण्याचा पर्याय आधीच बंद करून ठेवा. शेवटी रेघेचं आकारात रूपांतर करून सगळे तुकडे वेल्ड करा, म्हणजे जोडून एकसंध करा. चार-पाच अक्षरांच्या दुकानाच्या नावाला अर्धा तास लागतो. नाव एकदाच काढायचं आणि वीस वर्षं दुकानावर राहायचं, तिथे अर्धा तास म्हणजे काहीच नाही.

एवढा वेळ नसेल तर दुसरी पळवाट आहे. अक्षर ताठच ठेवा आणि अख्खी ओळ डावीकडून उजवीकडे चढती करा. शिरोरेषा चढते, शब्द पळत सुटल्यासारखा वाटतो आणि एकही अक्षर मोडत नाही. सर्कशीच्या, कुस्त्यांच्या फडाच्या जुन्या जाहिरातींत ही चढती ओळ भरपूर असे. मला ती खोट्या इटॅलिकपेक्षा केव्हाही मराठी वाटते.

आता जाडीकडे येऊ, कारण ‘परमणी’ झाली ती जाडीमुळे. देवनागरीत शिरोरेषा फोडून उभी असणारी तीन अक्षरं ध्यानात ठेवा: भ, ध आणि थ. त्यांची फट बुजली की भाजीची ‘माजी’ होते, धनाचं ‘घन’ होतं आणि पाथरीची ‘पायरी’ होते. मोंढ्यातल्या एखाद्या आडत दुकानावर ‘आजचे माव’ असं वाचायला मिळालं तर नवल नको. ही फट दांड्याच्या जाडीच्या निदान एक तृतीयांश तरी उघडी राहिली पाहिजे, असा माझा स्वतःचा ठोकताळा आहे. तेवढी राहत नसेल तर एक पायरी कमी जाडीचा फॉन्ट घ्या. बॉर्डर मारून जाडी कधीही वाढवू नका. वेगळ्या रंगाची बॉर्डर हवीच असेल तर ती अक्षराच्या मागे टाका, म्हणजे ती आतल्या बाजूने अक्षर खाणार नाही. आणि मग फटींत त्या बॉर्डरचा रंग भरला जातोय का ते डोळे बारीक करून पाहा.

फॉन्ट पारखायला मी कुठलंही ठरीव वाक्य वापरत नाही. आपल्या जिल्ह्याचे नऊ तालुके लिहितो. त्यात सगळी परीक्षा होऊन जाते. ‘परभणी’त भ आणि ण. ‘पाथरी’त थ. ‘जिंतूर’मध्ये पहिल्या वेलांटीवर अनुस्वार आणि शेजारी दुसरा उकार. कल दिला की वरची वेलांटी उजवीकडे जाते, खालचा उकार डावीकडे येतो आणि जाड अनुस्वार वेलांटीला चिकटून तिचा फोड होतो. अनुस्वार हाताने थोडा उचला आणि लहान करा, कोणाला कळणारही नाही. ‘पूर्णा’त वर रफार, खाली उकार. हा रफार कलल्यावर शब्दाच्या उजव्या कडेबाहेर डोकावतो. कडेला जागा सोडली नसेल तर फ्लेक्सच्या पाइपाच्या पट्टीत तो शिवला जातो आणि जंक्शनचं गाव ‘पूणा’ होऊन बसतं. ‘गंगाखेड’मध्ये ख. त्याचे दोन भाग खाली नीट जोडलेले नसतील तर लांबून ‘रव’ वाचलं जातं. ‘खा’ आणि ‘रवा’ यांतला फरक किराणा दुकानाच्या पाटीवर फार महत्त्वाचा. ‘सोनपेठ’चा ठ, ‘मानवत’चा व सहसा त्रास देत नाहीत. मानवतकर नशीबवान.

‘सेलू’ आणि ‘पालम’ ही नावं ‘ल’साठी. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात हीच रूपं वापरायला सांगितली आहेत. अनेक युनिकोड फॉन्टमध्ये ही मराठी रूपं आत दडलेली असतात, पण मजकुराची भाषा हिंदी ठेवलेली असेल तर दंडाचा ल येतो. सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की बऱ्याचदा काम होतं. त्याच झटक्यात ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्दही टाइप करून पाहा. हा अर्धा र, ज्याला काही जण चंद्रकोरी र म्हणतात, मराठीची खास गरज आहे. हिंदीपुरते केलेले फॉन्ट इथे रफार टाकून मोकळे होतात. ‘ॲ’सुद्धा तपासा. हे अक्षर युनिकोडात २००८ मध्ये आलं, म्हणून त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसू शकतो.

अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह आवरा. इंग्रजीत अक्षरं सुटी असतात, ती लांब केली तर चालतं. देवनागरीत अंतर वाढलं की शिरोरेषा तुटते, आणि गोल टोकांच्या फॉन्टमध्ये तर प्रत्येक तुकड्याचं टोक गोल होऊन माळेतले मणी ओवल्यासारखं दिसतं. गोलाई फक्त शब्दाच्या दोन टोकांना दिसली पाहिजे, मधे नाही.

उंचीचं गणित पाटीवाले ठोक असं करतात की दहा फुटांवरून वाचायला एक इंच अक्षर हवं. पण देवनागरीत ही उंची वेलांटीपासून उकारापर्यंत मोजू नका, शिरोरेषेपासून पायथ्यापर्यंतचा मधला भाग मोजा. एकूण उंचीत तो निम्म्याहून थोडाच जास्त असतो. जिंतूर रोडवर ताशी चाळीसने येणारा मोटारसायकलवाला सेकंदाला अकरा मीटर पुढे जातो. चाळीस मीटरवरून त्याला पाटी दिसली तर वाचायला साडेतीन सेकंद मिळतात. चाळीस मीटर म्हणजे सुमारे १३० फूट, तेव्हा मधला भाग तेरा इंचांचा हवा. एवढ्या आकारात आणि एवढ्या वेळात दोन-तीन शब्दच बसतात. जाड-तिरकं-गोल अक्षर त्या दोन-तीन शब्दांना द्या. बाकीचा मजकूर साध्या, ताठ, मध्यम जाडीच्या अक्षरात ठेवा. फोन नंबर तर कधीच तिरका नको. जाड गोल इंग्रजी आकड्यांत 3, 6, 8, 9 हे सगळे एकमेकांचे चुलतभाऊ दिसतात, आणि एक आकडा चुकला की गिऱ्हाईक दुसऱ्याच्या घरी फोन लावतं.

पाटी दोन भाषांत असेल तर कायद्याकडेही बघा. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना ती लावण्यासाठी मुदत ठरवून दिली होती. संगणकात दोन्हींना एकच आकडा दिला तरी इंग्रजी कॅपिटल अक्षरं मोठी दिसतात, कारण त्यांना वरखाली मात्रांसाठी जागा सोडावी लागत नाही. म्हणून आकडा बघू नका, पट्टीने मोजा.

उर्दू ओळीला मात्र तिरकं करायच्या फंदात पडू नका. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात. उजवीकडे कललेलं अक्षर तिथे पुढे धावत नाही, मागे रेलून बसतं. नस्तालीकात तर शब्द स्वतःच उजव्या वरच्या कोपऱ्यातून डावीकडे उतरत येतो, त्याला तुमच्या कलाची गरज नाही. मराठी तिरकी आणि उर्दू ताठ, असं ठेवलं तरी पाटी शोभते.

असाच एक घोळ गाड्यांवर होतो आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. टेम्पोच्या ड्रायव्हर साइडला उभं राहून पाहिलं तर गाडीचं तोंड आपल्या उजवीकडे असतं. तिथे उजवीकडे कललेलं नाव गाडीबरोबर धावतं. क्लीनर साइडला गाडीचं तोंड डावीकडे असतं, आणि तेच नाव ब्रेक लागल्यासारखं मागे कलतं. डावीकडे कललेली अक्षरं काढणं हा उपाय नव्हे, ती वाचताना मान वाकडी होते. त्या बाजूला ताठ अक्षर वापरा. नंबर प्लेटवर तर कुठलीच कलाकुसर नको. एम एच २२ साध्या ठरलेल्या अक्षरातच असायला हवं, नाहीतर चौकात पावती फाटते.

गाडीवर किंवा काचेवर रेडियम लावायचं असेल तर गोल अक्षराचा खरा फायदा कळतो. प्लॉटरचं पातं गोलाईवर सुरळीत फिरतं. टोकदार कोपऱ्यावर रेडियम आधी सुटतं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात डिंक मऊ झाला की तिथेच धूळ शिरते आणि कोपरा वर येतो. गोल कोपरा जास्त टिकतो. फक्त कापण्याआधी शब्द वेल्ड केला आहे का ते विचारा. मराठी फॉन्टमध्ये अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. वेल्ड केलं नाही तर पातं प्रत्येक जोडावर उभा चिरा मारतं, आणि दोन पावसाळ्यांत शब्दाची सुटी अक्षरं होतात. ॲक्रिलिकच्या उठावदार अक्षरांचंही तेच. राउटरचं पातं गोल असल्यामुळे आतला कोपरा तसाही टोकदार येत नाही, म्हणजे गोल अक्षर मशिनच्या स्वभावातच आहे.

कुठे वापरू नये, हे सांगायची वेळ खरं तर येऊ नये, पण येते. भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फलकावर उड्या मारणारी गुबगुबीत अक्षरं मी पाहिली आहेत. मयताच्या फोटोखाली ती फार विचित्र दिसतात. दवाखाना, औषधाचं दुकान, फवारणीचं प्रमाण सांगणारा फलक, सूचना, प्रमाणपत्र, निमंत्रणपत्रिकेतली वडीलधाऱ्यांची नावं, इथे ताठ आणि शांत अक्षरच हवं. कृषी विद्यापीठाच्या खरीप मेळाव्यात स्टॉल लावणाऱ्या बियाणेवाल्यांना एक सांगावंसं वाटतं. वाणाचं नाव हवं तेवढं ठसठशीत करा, पण एकरी किती किलो ते शेतकऱ्याला चष्मा न काढता-घालता वाचता यावं. आणि लहान मुलांचं दुकान, कुल्फी, रसवंती, खेळ, शाळेचं स्नेहसंमेलन, जत्रेतला पाळणा, इथे खुशाल वापरा. हसऱ्या जागेला हसरं अक्षर. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं जन्मभर रेखाटली. त्यांच्या अक्षरांत नाव वाचण्याआधी नाटकाचा स्वभाव कळत असे, आणि तो स्वभाव प्रत्येक नाटकागणिक बदलत असे. एकच गुबगुबीत ठसा साऱ्या गावावर ओतला तर लग्न कुठलं आणि बारसं कुठलं हेच कळेनासं होतं.

शेवटी छापायला देण्याची पद्धत. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून लेखी पाठवा, फोनवर सांगू नका. जुन्या फॉन्टमध्ये काम करणारी दुकानं तो पुन्हा टाइप करतात किंवा कन्व्हर्टरमधून काढतात, आणि जोडाक्षरं तिथेच सांडतात. म्हणून डिझाइन कर्व्ह झाल्यानंतरचा, म्हणजे अक्षरांचे आकार केल्यानंतरचा नमुना मागा, आधीचा नाही. मोबाईलवर झूम करून बघण्यात अर्थ नाही. त्याचा ए-फोर कागदावर प्रिंट काढा, दाराला चिकटवा आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जा. घरातल्या ज्या माणसाला मजकूर माहीत नाही त्याला वाचायला सांगा. तुम्ही स्वतः वाचू नका, तुम्हाला चूक दिसणारच नाही. त्या पोरांनाही दिसली नव्हती.

आणि फ्लेक्स छापून आलाच असेल, उद्या सकाळी उद्घाटन असेल, तर? तेव्हा वसमत रोडवर जे केलं ते करा. फ्लेक्सच्या जमिनीच्या रंगाचा रेडियमचा तुकडा घ्या, करंगळीएवढी गोल टोकाची पट्टी कापा. अक्षरावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसा आणि ‘भ’च्या डोक्यावर शिरोरेषा जिथे फुटायला हवी तिथे ती पट्टी दाबून बसवा. आम्हाला शिडी शोधायला वीस मिनिटं लागली, पट्टी लावायला दोन. बोर्ड रंगवायचं कधीचंच सोडलेले एक म्हातारे पेंटर रस्त्यापलीकडून बघत होते. ते ओरडले, “थोडी डावीकडं घे रे, आत्ता म्हसोबाचा म दिसायलाय.” पोराने पट्टी बोटभर सरकवली आणि परभणी परत आली.